मे महिन्यात हतनूर जलाशयात गळाला मासा का लागत नाही?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात सॅल्मन आणि ट्राउट गळाला लागतात, मग भुसावळजवळच्या हतनूरवर मे महिन्यात दिवसभर बसूनही हाती काही का येत नाही, असे आपण विचारले आहे. ऋतू दोन्हीकडे उन्हाळाच असला, तरी पाण्याची स्थिती अगदी वेगळी असते.

व्हँकुव्हर बेटाच्या महासागराकडील बाजूस उन्हाळ्यात वायव्येचे वारे वाहतात. त्यांच्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि तळाचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यामागे हेरिंगसारखे लहान मासे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ, अंडी घालण्यासाठी नदीकडे निघालेले चिनूक व कोहो सॅल्मन किनाऱ्याजवळ पोहोचतात. मात्र पाणी २० अंशांच्या वर गेले की याच कुळातील मासे हैराण होतात. २०१५ साली कोलंबिया नदी तापली तेव्हा सुमारे अडीच लाख सॉकाय सॅल्मन मेल्याचा अंदाज आहे.

आपले रोहू, कटला आणि मृगळ उष्ण पाण्याचेच मासे आहेत. २८-३० अंशांच्या पाण्यात ते चांगले खातात. त्यामुळे केवळ उष्णतेला दोष देता येणार नाही. खरी अडचण प्राणवायूची आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात हतनूरमध्ये गाळ फार साचलेला आहे, आणि वैशाखात पातळी उतरली की उथळ भागातले पाणी लवकर तापते. मग मासा खोल धारेकडे सरकतो आणि काठावरचा गळ रिकामा राहतो.

पहाटे बसावे, हा सल्ला सर्वच देतात. मी तो अर्धाच मान्य करतो. पहाटे पाणी सर्वांत गार असते हे खरे, पण शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात रात्रभर प्राणवायू खर्च होत असल्याने सूर्योदयापूर्वीच तो सर्वांत कमी असतो. अशा ठिकाणी मासे पृष्ठभागाशी तोंड आणून हापापल्यासारखे पाणी ओढताना दिसतात. त्या वेळी आमिष नाकासमोर गेले तरी ते तोंड लावत नाहीत. म्हणून मी पहाटे हिरवे, निश्चल पाणी टाळतो आणि वाऱ्याने लाटा आपटत असलेला उघडा काठ निवडतो, जिथे पाणी हलते आणि जवळच नदीचे जुने पात्र खोल आहे. सायंकाळी ऊन कलल्यावर वारा असेल, तर तीही वेळ उत्तम असते. दुपारी बसण्यात अर्थ नाही. त्या वेळी सावलीला जावे.

आमिष म्हणून कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड मळून घट्ट गोळी करावी, म्हणजे ती पाण्यात लवकर विरघळत नाही. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते, म्हणून गवताळ उथळ पाण्यातही ती सापडते. तिच्यासाठी गांडूळ लावावे.

उन्हाळ्यात ओढून दमलेला मासा परत सोडला तरी तो जगेलच असे नाही. म्हणून तो लवकर काठाला आणावा, ओल्या हातांनी धरावा आणि खायला लागतील तेवढेच मासे काढून थांबावे. निघण्यापूर्वी जलाशयाचा मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे, याची काठावरच्या वस्तीत विचारणा करून परवानगी अवश्य घ्यावी.