तात्पुरती कॅप दोनदा तडकली, म्हणून आता पावडरची?

प्रश्न : खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं. कायमची कॅप येईपर्यंत डॉक्टरांनी तात्पुरती बसवली. पहिली चौथ्या दिवशी तडकली, दुसरी आठवडाभरात. दोन्ही गनमधून मटेरियल सोडून पाच-सात मिनिटांत केलेल्या. आता ते पावडर-लिक्विडची करू म्हणतात. ते जुन्या पद्धतीचं आणि स्वस्तातलं ना? मी झोपेत दात खाते, पण हे त्यांना सांगितलेलं नाही. आणि कॅप निघाली तर घरच्या झटपट गोंदाने चिकटवली तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि नेमकी तीच डॉक्टरांपासून लपवलीत! झोपेत दात खाणं आधी त्यांच्या कानावर घाला. ते न कळताच त्यांनी पावडर सुचवली असेल, तर दोन तुटक्या कॅप बघून त्यांना अंदाज आलेला दिसतो.

गनमधलं ते बिस-ॲक्रिल. दोन पेस्ट पुढच्या पिळाच्या नळीतच मिसळतात, हाताने काही कालवावं लागत नाही. फारसं तापत नाही, आक्रसतं कमी, कडा छान बसतात. समोरच्या दातांना मी बहुतेक वेळा तेच वापरते. पण ते ठिसूळ. पातळ जागी जोर आला की वाकत नाही, सरळ तडकतं. खालच्या दाढेवर, त्यात रात्री दात खाणाऱ्या माणसाच्या, ते टिकलं नाही याचं मला नवल वाटत नाही.

पावडर-लिक्विड म्हणजे ॲक्रिलिक. आमच्या बोलीत ‘कोल्ड क्युअर’, म्हणजे बाहेरून न तापवता घट्ट होणारं, आणि पकडताना चटका बसेल इतकं तापतं! नाव ठेवणाऱ्याने ते घट्ट होताना चिमटीत धरलं नसावं. पावडरवर लिक्विड टाकलं की आधी ओल्या वाळूसारखं दिसतं, मग तार सुटते, मग मऊ गोळा होतो आणि शेवटी रबरासारखं लागतं. त्या रबरी अवस्थेत कॅप दोन-तीनदा काढून परत घालावी लागते. शिकत असताना मी गप्पांच्या नादात ती वेळ चुकवली. ॲक्रिलिकने प्लॅस्टरच्या दाताला अशी मिठी मारली की काढताना दातच मुळापासून तुटून हातात आला. हे मटेरियल आकारमानाने 6 ते 7 टक्के आक्रसतं, म्हणून चांगला हात आतून जरा कोरून पुन्हा पातळ थर भरतो. लिक्विडचा वास उग्र, तेवढा वेळ सोसावा लागेल.

एवढे उपद्व्याप कशाला? कारण ते चिवट आहे. जोर सोसतं, तुटलंच तर त्याच पावडरने सांधता येतं. उष्णतेची भीती असते ती जिवंत नसेच्या दाताला. तुमच्या दाढेतली नस काढलेली आहे, म्हणजे मोठा आक्षेप निघूनच गेला. हिरडीला चटका बसू नये एवढं डॉक्टर बघतील. स्वस्त आहे हे खरं, पण इथे ते स्वस्त म्हणून निवडलेलं नाही.

कायमची कॅप महिनोन्‌महिने लांबणार असेल, तर संगणकावर आखून तयार ठोकळ्यातून कोरलेली कॅप मागा. पदार्थ तोच, पण कारखान्यात पूर्ण पक्का झालेला. तयार मिळणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या टोप्या मुख्यतः समोरच्या दातांसाठी, तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

मटेरियल बदलण्याआधी आणखी एक विचारा : चावताना कॅप उंच लागते का? रंगीत कागद दाबून एका टिंबावर गडद डाग उमटला, तर तिथे घासायला हवं. नाहीतर पावडरचीही तडकेल.

गोंद मात्र अजिबात नको. तो पुढे निघत नाही, आणि कॅप तिरकी बसली तर चावाच बिघडतो. दवाखान्यात आम्ही मुद्दाम सहज सुटेल असं सिमेंट लावतो. कॅप सैल झाली, तर ती तोंडात ठेवून झोपू नका, श्वासनलिकेत जाऊ शकते. डबीत घालून लगेच घेऊन जा, आणि तोवर त्या बाजूने चावू नका : रूट कॅनल झालेल्या उघड्या दाढेची कपची उडते. फार दिवस तशीच राहिली तर शेजारचे दात सरकतात आणि करून ठेवलेली कायमची कॅप बसतच नाही.