क्ले स्पंज, पॅड आणि मायक्रोफायबर पंचे: धुणं, वाळवणं आणि ठेवणं

तुमचा प्रश्न वाचला. डोंबिवलीला रुळांच्या कडेला सोसायटी, पांढरी गाडी, वर्षभरापूर्वी घेतलेला क्ले स्पंज (गाडीच्या रंगात रुतलेली घाण घासून उचलणारा, तोंडावर रबर असलेला स्पंज), पॉलिशरचे, म्हणजे रंग घासून चमकवायच्या मशीनचे, ३ पॅड आणि डझनभर मायक्रोफायबर पंचे. दोनदाच वापरलेल्या स्पंजचं रबर डबीला चिकटून तुकड्यांनी निघालं, पंचे पापडासारखे कडक झाले, आणि हे सगळं वॉशिंग मशीनमध्ये एकत्र टाकलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. एकत्र टाकू नका. पण तुमचं नुकसान धुण्यात झालेलं दिसत नाही, ते डिकीत झालंय. स्पंज ओला असतानाच डबीत घातला, डबी डिकीत टाकली आणि मे महिना तिथेच काढला, हे तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात. सगळी गोम त्यात आहे.

माझं म्हणाल तर मी नागपूरचा, मधली ४ वर्षं नोकरीनिमित्त चिपळूणला होतो. त्यामुळे एकाच सामानाची ऊन आणि ओल अशी दोन्ही टोकं भोगून झाली आहेत. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. क्ले स्पंजच्या तोंडावरचा काळा किंवा निळा थर म्हणजे मऊ रबरासारखं पॉलिमर. ते मऊ आहे म्हणून तर रंगावरची खरखर उचलतं. तापलं की ते अजून मऊ होतं आणि ज्याला टेकलंय त्याला धरून बसतं. माझा पहिला स्पंज मी डबीतून उपसला तेव्हा डबीच्या तळाला स्पंजचा हुबेहूब ठसा राहिला होता, कडेच्या शिवणीसकट.

स्पंज धुण्यात फार काही नाही. काम झालं की लगेच, वाळायच्या आत, साध्या गार पाण्याखाली धरायचा. गाडीच्या शाम्पूचे ४ थेंब टाकून रबरावरून अंगठा फिरवायचा. ब्रश नको, भांड्यांची घासणी तर नकोच. अंगठ्याखाली कणी लागली तर ती नखाने खरवडू नका. गाडीच्या ओल्या काचेवर भरपूर शाम्पूचं पाणी ओतून स्पंज हलक्या हाताने ५-६ वेळा फिरवा, बहुतेक घाण सुटते. नवा स्पंजही मी आधी असाच काचेवर फिरवून घेतो, त्याच्यावर कारखान्यातून आलेला बुळबुळीत थर असतो. धुऊन झाल्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून रबराकडे बघा. तुमच्याकडे रुळांवरून उडालेली लोखंडाची भुकटी येते, तिचे बारीक कण रबरात रुतून बसलेले दिसतील. पांढऱ्या गाडीवर जे नारिंगी ठिपके दिसतात ते हेच, गंजलेले. हे कण अंगठ्याने किंवा काचेवर फिरवून निघाले तर ठीक. निघाले नाहीत तर तो स्पंज बॉनेटला लावू नका, चाकांच्या रिमसाठी ठेवा.

म्हणूनच तुमच्यासारख्यांनी क्ले करण्याआधी, म्हणजे रंगावर हा स्पंज फिरवण्याआधी, लोखंड विरघळवणारा स्प्रे मारावा. जांभळा होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास मारतो, तोच. त्याने अर्धं काम आधीच होतं आणि स्पंजवर ओझं कमी येतं. मात्र स्प्रे पूर्ण धुऊन टाकल्यावरच स्पंज फिरवायचा. डांबराचे डाग काढायचं रसायन, पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचा तर स्पंजला वाससुद्धा लागू देऊ नये. रबर फुगतं, मग सोलून निघतं. एका ओळखीच्या गृहस्थांनी डांबराचा डाग पेट्रोलने पुसला आणि त्याच जागी लगेच स्पंज घासला. रबराचे काळे फराटे रंगावर उमटले, आणि ते काढायला त्यांचा अख्खा रविवार गेला.

आता वाळवणं. वरचं रबर ५ मिनिटांत कोरडं होतं, पण खालचा फोम आतून ओला राहतो. इथेच सगळे फसतात. पिळू नका, तळव्याने दाबून पाणी काढा आणि कडेवर उभा करून सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. नागपुरात एक रात्र पुरते. चिपळुणात जुलैमध्ये मी २ दिवस ठेवायचो आणि तरी डबीत टाकताना शंका यायची. वाळल्यावर रबरावर ती मूळची पातळ प्लॅस्टिकची फिल्म परत लावायची. बहुतेक जण ती पहिल्याच दिवशी फेकतात. फेकली असेल तर दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन, कापून लावा, तेवढंच काम करते. रबराची बाजू वर ठेवायची, त्यावर काही रचायचं नाही, आणि डबी घरातल्या कपाटात, खालच्या कप्प्यात. खिडकीत नको, उन्हाने रबराला भेगा जातात. स्पंजऐवजी क्लेचा टॉवेल, म्हणजे तसाच रबराचा थर असलेला पंचा, असेल तर रबरावर रबर येईल अशी घडी कधीच घालू नका. एकदा चिकटला की सोडवताना दोन्हीकडचं रबर जातं.

जुन्या पद्धतीची क्लेची वडी (मातीसारखी मळता येणारी) वापरत असाल तर तिचं गणित उलटं. ती कोरडी पडू द्यायची नसते, लुब्रिकंटचे (क्ले रंगावरून सरकावी म्हणून मारतात त्या बुळबुळीत द्रवाचे) २ फवारे मारून हवाबंद डबीत ठेवायची. आणि जमिनीवर पडली की सरळ कचऱ्यात. स्पंज पडला तर धुऊन वाचतो, वडीत वाळूचा कण घुसला की तो मळून आत जातो आणि नेमका दाराच्या मधोमध बाहेर येतो.

पॉलिशरच्या पॅडबद्दल थोडक्यात, कारण त्यात चुका करायला वावच कमी आहे. कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, पॅडमध्ये सुकू देऊ नका. त्याच दिवशी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून १०-१५ मिनिटं बुडवा, बोटांनी दाबत दाबत फेस स्वच्छ येईपर्यंत धुवा. रात्रभर भिजत ठेवलं तर फोम आणि मागचं वेल्क्रो यांच्यामधला गोंद सुटतो, मग पुढच्या वेळी चालू मशीनवरून पॅड तबकडीसारखा उडतो. तबकडीचं मी अनुभवाने लिहितोय. पिळायचं नाही, दाबायचं. वाळवताना कडेवर उभा करा म्हणजे पाणी गोंदात साचत नाही. मशीनला लावून ठेवू नका. मागच्या बाजूला मार्करने लिहा, कोणता कंपाउंडचा आणि कोणता शेवटच्या पॉलिशचा, नाहीतर ३ महिन्यांनी ३ पिवळे पॅड हातात घेऊन कपाटासमोर उभे राहाल. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक पॅड वेगळ्या झिपच्या पिशवीत. वर वजन ठेवलं तर फोम बसतो.

खरा जीव अडकतो तो पंच्यांत. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांचे धागे, पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं ते हेच प्रमाण. चांगल्या पंच्यात हा धागा आणखी उभा चिरलेला असतो, त्या चिरांत धूळ आणि पाणी अडकतं. त्या चिरा बुजल्या की पंचा मेला. बुजवणाऱ्या गोष्टी तीन: कपडे मऊ आणि सुगंधी करणारं कंडिशनर, न विरघळलेली साबणाची पूड आणि जड पाण्याचे क्षार. कंडिशनर धाग्यावर चरबीसारखा थर चढवतं. साडीला ते छान, पंच्याला विष. पूड न वापरता द्रव डिटर्जंट वापरा, नेहमीच्या निम्माच, आणि साध्या पाण्यात एकदा जास्त खळबळा. पाणी ४० अंशांच्या वर नको. ब्लीच नको, इस्त्री नको. उन्हात टळटळीत वाळवलेला पंचा कडकच होणार, सावलीत दोरीवर टाका. धोपटणं तर नाहीच. आमच्याकडे मावशींनी एकदा प्रेमाने दगडावर आपटून धुतले होते, त्यातले ४ अजून सायकलची चेन पुसायला आहेत.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळताना एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी वापरून बघा. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादलीभर साठायला वेळ लागतो, पण ६ पंचे निघतात. पावसाळ्यात पागोळीचं पाणी गाळून चालतं. मात्र आरओ मशीन जे पाणी बाहेर टाकतं ते या कामाला घेऊ नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचंही तेच. खसच्या ताट्यांवर मे अखेरीस पांढरं पीठ दिसतं ना, तेच पंच्यात जाऊन बसतं.

घरच्या कपड्यांबरोबर का नको, तर सुती कपड्याचे बारीक तंतू मायक्रोफायबरला चिकटतात ते पुढच्या ५ धुण्यांत निघत नाहीत. आणि दुसरं कारण मी स्वतः भोगलंय. आमच्या मशीनमधून निघालेला निळा पंचा, दिसायला स्वच्छ, मऊ. बॉनेट पुसताना हाताला काहीच लागलं नाही. उन्हात गाडी काढली तर मधोमध वितभर लांब, केसाएवढा बारीक, वाकडा ओरखडा. पंचा उलटसुलट करून प्रकाशात धरला तेव्हा लवेत अडकलेली एक टिकली चमकली, बायकोच्या ड्रेसवरची. एवढीशी, गव्हाच्या दाण्याहून लहान. तेव्हापासून पंच्यांची बादली वेगळी, आणि वेल्क्रो असलेली कुठलीही वस्तू त्यांच्या आसपास नाही, कारण वेल्क्रोचे हूक लव उपटतात.

पंच्यावर शंका असेल तर जुन्या सीडीची चकचकीत बाजू घ्या, ओल्या पंच्याने थोडी पुसा आणि उजेडात धरा. सीडीवर नव्या रेषा दिसल्या तर तो पंचा रंगाला लावायचा नाही. घरात जुन्या गाण्यांच्या सीडी पडून असतात, त्यांचा हा एक उपयोग.

रंगांवरून विभागणी मी फार काटेकोर करतो, घरचे हसतात. निळे बॉडीचे, हिरवे काचेचे, राखाडी चाकांचे. चाकांचा पंचा बॉडीच्या बादलीत कधीच जात नाही, ब्रेकची लोखंडी भुकटी धुऊनही पूर्ण निघत नाही. वॅक्स काढलेले पंचे आधी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचे, मग धुवायचे. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर) पुसलेला पंचा मात्र धुवायच्या फंदात पडू नका. ते धाग्यात सुकून काचेसारखं कडक होतं. तो टाकायचा, कितीही महाग असला तरी.

पूर्ण कोरडे झाल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधांच्या बाटलीतल्या किंवा बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यात टाका, कोकणात याचा खरंच फरक पडतो. डांबराच्या गोळ्या नकोत, वास धाग्यात बसतो. डिकीत फक्त एकच पंचा ठेवा, पक्ष्याची विष्ठा पुसायला, आणि तो दर महिन्याला बदला.

आता तुमच्या कडक झालेल्या १२ पंच्यांचं. बादलीभर कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, मग नुसत्या पाण्याने दोनदा खळबळा आणि सावलीत वाळवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधी एकत्र आणू नका, विषारी वायू सुटतो. वाळल्यावर प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला तर पंचा परत आला. मोत्यासारखा वर बसून राहिला तर व्हिनेगरची आणखी एक फेरी, आणि तरीही बसलाच तर तो चाकांच्या बादलीत. स्पंजचं मात्र काही होणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय की मधला फोम उघडा पडलाय, तो रंगावर घासेल. नवा घ्या, आणि यावेळी ती फिल्म जपून ठेवा.