मेंदूला मार लागलेल्या पेशंटच्या घरच्या शुश्रूषेचे पैसे मेडिक्लेममधून मिळतात का?

तुम्ही विचारलंय की भावाला गाडीने उडवलं, मेंदूचं ऑपरेशन झालं, आता डिस्चार्ज आहे. घरी त्याला सांभाळायला ठेवायचा माणूस, फिजिओ, स्पीच थेरपी हे सगळं मेडिक्लेममध्ये बसेल का, आणि पुढे त्याला नवी पॉलिसी कोण देईल.

माणसाचे पैसे मिळत नाहीत. विषय संपला. एजंट 'बघू, टाकून तर बघू' म्हणेल, त्याच्या नादी लागू नका.

आता माझं ऐका. 2019 च्या जानेवारीत सांगली-कोल्हापूर रस्त्यावर आमच्या ह्यांच्या गाडीला कुत्रं आडवं आलं. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मेंदूवर सूज होती म्हणून डॉक्टरांनी कवटीचा डाव्या बाजूचा तुकडा काढला आणि तो पोटाच्या कातडीखाली ठेवून दिला. सूज उतरली की परत बसवायचा. घरी आणल्यावर ह्यांचं अंग पुसताना उजव्या कुशीकडे हात गेला की ताटलीच्या काठासारखं टणक लागायचं. पहिले काही दिवस मी तेवढी जागा सोडूनच पुसत होते.

तेवीस दिवस हॉस्पिटल, त्यातले अकरा आयसीयूत. पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याला रोजचं एक टक्का, म्हणजे पाच हजार. मोठ्या दिरांनी आठ हजारांची खोली घेतली. 'माझा भाऊ जनरलला पडणार नाही.' त्यांना वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं. खोली जितक्या पटीने महाग, तितक्या पटीने सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट सगळंच कापतात. शंभराला साडेसदतीस रुपये गेले. बिल चार लाख सत्तर हजार, हातात आले तीन लाख अठरा. ग्लोव्ह्ज, डायपर, अंडरपॅड वेगळेच कापले.

घरी आल्यावर खरा खर्च सुरू झाला. नाकातली नळी, भाड्याचं सक्शन मशीन, एअर बेड, नर्सिंग ब्युरोचा सांभाळणारा माणूस दिवसाचा एक, रात्रीचा एक. बोलणं गेलेलं. पाणी हवं असलं की 'किल्ली' म्हणायचे, झोप आली की 'किल्ली', मुलीला हाक मारायची तरी 'किल्ली', आणि आपण चुकतोय हे त्यांना कळायचं. स्पीच थेरपीवाल्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. तीन महिने गेल्यावर पहिला धड शब्द आला, 'चहा'.

आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे साठ दिवस कव्हर होते. त्यात औषधं, सीटी स्कॅन आणि फिजिओ मिळाला. फिजिओ मिळाला तो डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलं होतं म्हणून. स्पीच थेरपी कार्डावर नव्हती, ती बुडाली. तेव्हा भावाचं कार्ड हातात घेण्याआधी त्यावर फिजिओ, स्पीच, ऑक्युपेशनल सगळं लिहून घ्या, किती आठवडे तेही. ब्युरोच्या पावत्या जशा पाठवल्या तशा परत आल्या.

तेव्हापासून आजतागायत दिरांचं एकच. 'घाई करून घरी आणलंस. अजून महिनाभर ठेवलं असतं तर सगळं क्लेममध्ये बसलं असतं.' लग्नात, बारशात, गौरीच्या जेवणात. म्हणून हे इथे लिहितेय. नसतं बसलं! नुसत्या विश्रांतीसाठी किंवा शुश्रूषेसाठी ॲडमिट ठेवलं तर कंपनी ते दिवसच नाकारते. आता तर सगळ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत हे कलम एकाच शब्दांत छापलेलं असतं. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 05 क्रमांकावर बघा: विश्रांती, पुनर्वसन, शुश्रूषा. आंघोळ घालणं, कपडे घालणं, उठवणं-फिरवणं, घरी असो की नर्सिंग होममध्ये, नर्स करो की साधा माणूस, मिळणार नाही. माझी दोन वर्षांची दिनचर्या कोणीतरी बसून टाइप केल्यासारखं वाटलं मला ते वाचून.

चौथ्या महिन्यात हाड परत बसवायचं ऑपरेशन होतं. तेव्हा टीपीएची, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्यांची, क्वेरी आली, हे कॉस्मेटिक, म्हणजे नुसतं दिसण्यासाठी आहे का? डोक्याला वाटीएवढा खड्डा, आणि कॉस्मेटिक. डॉक्टरांनी दोन ओळींचं पत्र दिलं, पास झालं. अपघातानंतरची दुरुस्ती कॉस्मेटिकमध्ये मोडत नाही, हे लक्षात ठेवा. नाकारलंच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल, पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत जायचं.

तुमच्या भावाला दुसऱ्या गाडीने उडवलंय, म्हणजे तुमची खरी वाट मोटार अपघात न्यायाधिकरणाची आहे. माणसाचे पैसे तिथे मिळतात. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये डोक्याला मार लागलेल्या एका मुलीच्या खटल्यात सांभाळणाऱ्या माणसाचा पुढच्या आयुष्यभराचा खर्च हिशोबात धरला होता. अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. आमच्या कुत्र्याचा थर्ड पार्टी इन्शुरन्स नव्हता.

नव्या पॉलिसीचं म्हणाल तर आहे तीच एक दिवसही खंडू देऊ नका. क्लेम घेतला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही. नवी कंपनी मात्र खुशाल नाही म्हणू शकते. 2023 पासून प्रत्येक कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवावी लागते, त्यासाठी सिव्हिलमधून दाखला काढा. 'निरामय' या सरकारी आरोग्य विमा योजनेचं नाव सगळे घेतात, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच, आणि कवच एक लाखाचं.

माझा आकड्यांचा अनुभव 2019 च्या पॉलिसीचा आहे. तुमच्यात साठऐवजी नव्वद दिवस असतील, खोलीभाड्याला मर्यादाच नसेल. काही पॉलिसींत होम केअरही असतं, पण ते उपचाराचं, माणसाचं नाही. स्वतःची पॉलिसी वाचा.

ब्युरोच्या पावत्या परत आल्या तरी टाकू नका, न्यायाधिकरणात लागतील. आणि घरात कोणी 'अजून ठेवायला हवं होतं' म्हणालंच, तर ते 05 चं पान पुढे करा. मी गौरीच्या जेवणाआधी दिरांच्या हातात दिलं होतं. म्हणाले, चष्मा गाडीत राहिला.