बाळ झाल्यावर स्टाफ नर्सची नोकरी सोडून घरून काम करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलात सात वर्षं स्टाफ नर्स, बाळ आठ महिन्यांचं, रजा संपून पुन्हा नाइट लागल्यात, घरी दिवसभर बाळाला बघणारं कुणी नाही. घरून काय करता येईल, आणि शिकलेलं नर्सिंग वाया जाईल का?

मी परळच्या बाजूला एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला होते. राहते भांडुपला. आता घरून मेडिकल कोडिंग करते, म्हणजे पेशंटच्या फाइली वाचून त्यांना ठरलेले कोड लावते. तर हो, करता येतं, आणि नर्सिंग अजिबात वाया जात नाही. पण घरून काम म्हणजे बाळाला सांभाळत सांभाळत काम, असं मनात धरलं असेल तर ते आधी काढून टाका. तासाला अमुक चार्ट (पेशंटच्या फाइली) पूर्ण झाले पाहिजेत, अचूकता बहुतेक ठिकाणी ९५ टक्के मागतात, आणि रांगतं मूल चार्जरची वायर तोंडात घालत असतं. तेवढ्या तासांपुरतं बाळाला धरायला माणूस लागतोच. आमच्याकडे सकाळी सासूबाई आणि दुपारी खालच्या मजल्यावरचं पाळणाघर अशी वाटणी आहे. वाचते ती नाइट, लोकलची धक्काबुक्की आणि दिवसभर उभं राहणं. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

राजीनामा द्यायच्या आधी एकदा मॅट्रन मॅडमना भेटा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांची रजा झाली, ती आपल्याला पाठ असते. पण त्याच कायद्यात (आता हे नियम सामाजिक सुरक्षा संहितेत आलेत) पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असंही आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला रोज दोन वेळा सुट्टी आहे. हे कुणी आपणहून सांगत नाही. मला तर एचआरमधल्या मुलीने 'असं काही नसतं हो सिस्टर' असं ठामपणे सांगितलं होतं. बोलायला गेलात की ओपीडी, इन्फेक्शन कंट्रोल, क्वालिटी किंवा इन्शुरन्स डेस्क असं जनरल ड्यूटीचं, म्हणजे फक्त दिवसाचं, काही मिळतंय का तेही विचारा. क्लेम डेस्कवर किंवा क्वालिटीत काही महिने काढले तरी पुढे घरून काम शोधताना ते बायोडेटात वजनदार दिसतं.

आता कामाविषयी. आपण विकायचं ते फाइल वाचण्याचं कसब, टायपिंग नव्हे. ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्याच्या, वाटेला जाऊ नका, ते काम मशीन झपाट्याने खातंय. कोडिंग म्हणजे पेशंटची फाइल वाचून प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक प्रोसीजरला ठरलेला कोड लावायचा, त्यावर तिकडे अमेरिकेत विमा कंपनी पैसे देते. आजारांचे कोड आयसीडी-१०-सीएममधले, सत्तर हजारांच्या वर आहेत. प्रोसीजरचे सीपीटीमधले.

एक फाइल घ्या. टाइप २ डायबेटिस, पायाला जखम. डॉक्टरांनी लिहिलंय 'डायबेटिक फूट अल्सर', एवढंच. ई११.६२१ लागला. पण जखम कुठे आणि किती खोल, याचा दुसरा कोड त्याच्या जोडीला लागतो. उजवी टाच आणि चरबीचा थर उघडा पडलेला असेल तर एल९७.४१२. डावी टाच असती तर शेवटून दुसरा आकडा बदलला असता, स्नायू सडलेला असता तर शेवटचा. आता गंमत बघा. निदान डॉक्टरांनीच लिहिलेलं लागतं, पण जखमेची खोली नर्सच्या नोटमधून घेतलेली चालते, नियमातच तसं आहे. म्हणजे ड्रेसिंग ट्रॉली ढकलत ढकलत आपण घाईघाईत जी ओळ खरडतो, तिच्यावर शेवटचा आकडा ठरतो. कॉमर्सचा पदवीधर मुलगा ही नोट वाचतो तेव्हा त्याला शब्द दिसतात, तुम्हाला जखम दिसेल. मात्र दिसली तरी जे लिहिलेलं नाही ते कोड करायचं नाही. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे ट्युटर मॅडमनी डोक्यात ठोकून बसवलेलं असतं, ते इथे कामाला येतं.

यासाठी सीपीसी ही परीक्षा असते, एएपीसी या अमेरिकन संस्थेची. १०० प्रश्न, चार तास, पास व्हायला ७० टक्के, आणि कोडची पुस्तकं समोर ठेवायची परवानगी. ॲनाटॉमी आपली झालेली असते, जड जातं ते सीपीटीचं सर्जरीचं प्रकरण आणि वेळ. पास झाल्यावरही अनुभव नसेल तर नावापुढे अप्रेंटिसचा 'ए' चिकटतो, तो अनुभव मिळाल्यावर निघतो. दादर-ठाण्याच्या क्लासवाल्यांची 'शंभर टक्के जॉब' अशी जाहिरात दिसली की फी नोकरी लागल्यावर घ्याल का एवढं विचारून बघा, चेहरा बदलतो.

पहिल्याच दिवसापासून घरून, असं क्वचित मिळतं. बहुतेक कंपन्या सुरुवातीचे महिने ऑफिसला बोलावतात. इकडच्या लोकांसाठी ते बरेचदा ऐरोली असतं. मुलुंडहून पुलावरून किंवा ठाण्याहून ट्रान्सहार्बरने. तेवढा काळ बाळाची सोय लावावीच लागेल. पगारही सुरुवातीला खाली येतो. सात वर्षांची सिस्टर तिथे पुन्हा फ्रेशर असते, हे पचायला जरा जड जातं. भाडं-हप्ता काय आहे त्याचा हिशेब घरी आधी मांडून ठेवा.

आणि जागा. पेशंटची माहिती असते म्हणून दार लागणारी वेगळी खोली मागतात, लॅपटॉप कंपनीचा, टेबलावर मोबाइल नाही, कागद-पेन नाही. छोट्या घरात हे कसं जमवायचं? आम्ही बेडरूमच्या कपाटाशेजारी टेबल असं लावलं की स्क्रीनची पाठ दाराकडे येईल. सासूबाईंना वाटायचं सून दाराला कडी लावून बसते म्हणजे काय! एकदा नीट समजावल्यावर आता शेजारणीला त्याच सांगतात, 'आत जाऊ नका, तिची ड्यूटी चालू आहे.'

क्लेम प्रोसेसिंग हा दुसरा पर्याय. टीपीए (विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्था) आणि विमा कंपन्यांना प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची कॅशलेस मंजुरी, तपासायला क्लिनिकल माणसं लागतात, आणि इथे फाइली आपल्याच हॉस्पिटलांच्या, हस्ताक्षरासकट ओळखीच्या. पण २०२४ पासून आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला सांगितलीय, त्यामुळे ही कामं चोवीस तास शिफ्टमध्ये चालतात. नाइट टाळायला निघालात तर इंटरव्ह्यूतच शिफ्ट विचारून घ्या. फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या केस लिहिणं, हेही चांगलं काम, पण तिथे बी.फार्म.वाल्यांची गर्दी असते आणि जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना) दार जरा उशिरा उघडतं.

जे काम द्यायला आधी पैसे मागतात ते काम नसतं, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणा, डिपॉझिट म्हणा की ट्रेनिंग किट म्हणा. टेलिग्रामवर रेटिंग द्या आणि पैसे कमवा, हे तर सरळ जाळं. कुणी अडकलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र मरू देऊ नका. दर पाच वर्षांनी रिन्यूअल असतं आणि त्याला सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग प्रशिक्षणाचे) तास लागतात. घरी बसल्यावर याचाच विसर पडतो. मूल शाळेत जायला लागल्यावर परत वॉर्डला जावंसं वाटलं तर हा कागद जिवंत हवा. (आमच्या सोसायटीत अजूनही 'सिस्टर, जरा इंजेक्शन देता का' म्हणून बेल वाजतेच. चिठ्ठी नसेल तर मी सरळ नाही म्हणते.) पीएफ काढून खर्च करू नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरतात, तुमची सात झालीत, नव्या कंपनीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या म्हणजे मोजणी पुढे चालू राहते. हॉस्पिटलचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, तेव्हा बाळाचं नाव नवऱ्याच्या पॉलिसीत आधी घाला, मग नोटीस द्या.

तुम्ही कोणत्या वॉर्डला आहात ते लिहिलेलं नाही. ओटीत असाल तर सर्जरी कोडिंग, कॅज्युअल्टीत असाल तर इमर्जन्सीच्या फाइली, आयसीयूत असाल तर इनपेशंट, म्हणजे ॲडमिट पेशंटच्या फाइली, असं बघा. इनपेशंटला शिकायला वेळ लागतो, पण गुंतागुंतीच्या फाइलीच पुढे माणसाकडे राहणार आहेत. साधे एक्स-रे रिपोर्ट वगैरे आत्ताच सॉफ्टवेअर कोड करू लागलंय. वॉर्ड आणि जीएनएम की बीएस्सी, एवढं खाली कमेंटमध्ये लिहा, म्हणजे बायोडेटात काय वर घ्यायचं ते सांगता येईल.