नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या संस्कृतींतल्या मुलांची पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी) कशी शिकवावी? धर्मानुसार तक्ता द्यावा का?

तक्ता देऊ नका. सुरुवातीला मीही फळ्यावर तो काढायचे: अमुक धर्म, अमुक आहार, मृत्यूनंतर अमुक विधी. मग एका विद्यार्थिनीने नुसत्या नावावरून एका कुटुंबाचे सगळे नियम ठरवून टाकले. त्या मुलाची आई म्हणाली, "यातलं आम्ही काहीच पाळत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्या दिवशी तक्ता पुसला.

व्याख्येला दहा मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८च्या व्याख्येनुसार मुलांची पॅलिएटिव्ह केअर निदान होताच सुरू होते, मग आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत. हे मात्र ठासून सांगा, कारण 'पॅलिएटिव्ह' म्हणजे 'आता हात टेकले' असंच घरच्यांना वाटतं. विद्यार्थ्यांनाही वाटतं.

पुढे प्रश्न विचारायला शिकवा. मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८मध्ये मांडलेले प्रश्न अजून कामाला येतात: या आजाराला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असं वाटतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? त्यात मी माझे दोन घालते. घरात निर्णय कोण घेतं? आणि मुलाला काय सांगितलंय? भाषा वेगळी असेल तर दुभाषी बोलवा. मोठ्या भावंडाला त्या कामाला बसवू नका, वाईट बातमी त्याच्याच तोंडून आईबापांना कळते.

सर्वांत जास्त वेळ वेदनेवर घालवा. किती दुखतंय ते मूल चेहऱ्यावर बोट ठेवून सांगतं, त्या वाँग-बेकर चेहऱ्यांच्या पट्टीत एका टोकाला हसरा चेहरा आणि दुसऱ्या टोकाला अश्रू आहेत. 'रडायचं नाही' असं शिकवलेलं मूल कितीही दुखलं तरी अश्रूंवर बोट ठेवत नाही. 'फेसेस पेन स्केल-रिव्हाइज्ड' या दुसऱ्या, २००१च्या सुधारित चेहरा-पट्टीत हसू नाही आणि अश्रूही नाहीत. दोन्ही पट्ट्या वर्गात शेजारी-शेजारी ठेवा, फरक विद्यार्थी स्वतःच शोधतात. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिन या औषधाची भीतीही इथेच घ्या. 'मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं' ही समजूत मला सगळ्या प्रकारच्या घरांत भेटली, डॉक्टरांच्या घरातसुद्धा.

'मुलाला सांगायचं का?' यावर वर्गात वाद होणारच, होऊ द्या. कर्करोगाने मूल गेलेल्या पालकांचा एक स्वीडिश अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता, न बोललेल्या २५८पैकी ६९ जणांना होता. आकडे ऐकून वर्ग लगेच ठरवतो की सांगायलाच हवं. मग मी विचारते, न बोललेले बाकीचे १८९ जण चुकले का? आणि स्वीडनमधलं उत्तर, जिथे आजोबांच्या परवानगीशिवाय कोणी तोंड उघडत नाही अशा घराला लावायचं का? माझं मत असं: घरच्यांवर सांगायची सक्ती नको, पण मुलाने सरळ विचारलं तर त्याच्याशी खोटंही नको. 'तुला काय वाटतंय?' असं उलट विचारता येतं. तेवढं एक वाक्य जोडीजोडीने दहा वेळा म्हणवून घ्या. पहिल्या तीन वेळा हसतात, चौथ्या वेळेला वर्ग गप्प होतो.

परीक्षेत 'अमुक धर्माची काळजी लिहा' असा प्रश्न मी काढून टाकलाय. एक केस देते आणि या घरच्यांना आधी कोणते पाच प्रश्न विचाराल, ते लिहायला सांगते.