उन्हवऱ्याचं कुंड आणि सोरायसिस

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या कोपरांवर, गुडघ्यांवर सोरायसिसचे चट्टे आहेत. मधुमेहही जुना आहे. उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात चार दिवस आंघोळ केली की औषधं सुटतात, असं शेजारी सांगतात. आइसलँडच्या 'ब्लू लगून'मध्येही लोक म्हणे याचसाठी जातात. नेऊ का त्यांना?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : जरूर न्या. औषधं मात्र सोडू नका.

उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे... पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि क्षार घेऊन वर येतं. अंग मोकळं होतं, झोप लागते. लावणी उरकून माझ्या चिपळूणच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका हे सांगतात आणि मला ते पटतं. सोरायसिसचे खवलेही मऊ पडून सुटतात, खाज कमी होते. पण हा आजार मुळात प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा. तो आंघोळीनं जात नाही. ब्लू लगूनचं तळं १९७६ साली सुरू झालेल्या भूऔष्णिक वीजकेंद्राच्या पाण्यातून तयार झालं. त्यात सिलिका भरपूर आहे आणि पाणी साधारण ३७ ते ४० अंशांवर असतं. तिथे सोरायसिसच्या रुग्णांना आंघोळीच्या जोडीला अतिनील किरणांचे उपचारही दिले गेले, ही गोष्ट कुणी सांगत नाही!

मला खरी काळजी त्यांच्या पावलांची वाटते. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात आणि आपल्याकडे झऱ्याच्या तोंडाशी पाणी चटका देणारं असतं. पाय पोळलाय हे फोड दिसल्यावरच कळलेले रुग्ण मी पाहिलेत. म्हणून आधी तुम्ही स्वतःचं कोपर बुडवून बघा. कोमट वाटलं तरच त्यांना उतरवा, तेही हात धरून. दहा मिनिटं पुरे. पाण्यात डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. चट्टा चिरलेला असेल तर त्या दिवशी राहू दे. खवले घासून काढू नका, घासलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

बाहेर आल्यावर अंगावर साधं पाणी घ्या आणि टिपून लगेच चट्ट्यांवर नेहमीचं मलम लावा. खवले मऊ असताना ते चांगलं मुरतं. बाकी अंगाला खोबरेल. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम थांबवल्यानं सोरायसिस अंगभर उसळू शकतो. त्यामुळे गोळ्यांचा डबा सामानात सगळ्यात आधी भरा.