टोळीतला वाटा आणि छातीतली फडफड

पत्र : ताई, मी पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल आहे. वय ४४. कागदावर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहिलंय, म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. पाच आठवड्यांपूर्वी जांघेतून तार घालून अ‍ॅब्लेशन केलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कामाला लागा. टोळीने मला पोती मोजायला न् शिवायला बसवलंय, पण वाराईतला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीतला, वाटा पुरा देतात. तो घेताना लाज वाटते. म्हणून मंगळवारी एक पोतं घेऊन थप्पीवर चढलो, तर दोन-तीन मिनिटं पुन्हा तीच फडफड. कुणाला बोललो नाही. आता दिवसभर बोटं गळ्याच्या नाडीवरच असतात. बायको म्हणते, रात्रपाळीची वॉचमनकी धरा. ऑपरेशन फुकट गेलं का? आठवीतल्या मुलीकडून हे लिहून घेतोय.

दादा,

कुणाला बोललो नाही म्हणता, आणि लिहायला बसवलंत पोरीला. म्हणजे घरात ही गोष्ट फक्त तिलाच ठाऊक आहे. आधी तेवढं ओझं तिच्या डोक्यावरून उतरवा. आज रात्रीच बायकोला सांगा.

फुकट गेलं का, याचं उत्तर आज कुणालाच देता येणार नाही. अ‍ॅब्लेशनमध्ये हृदयातल्या ठोके बिघडवणाऱ्या जागा आतून डागलेल्या असतात. हातावर चटका बसला की आधी सूज, मग खपली, मग व्रण. आतही तसंच. पहिले दोन-तीन महिने अशी फडफड पुष्कळांना होते, आणि तेवढ्यावरून डॉक्टर ‘फसलं’ असं म्हणत नाहीत. पण त्यांना कळवायला हवं. उद्याच फोन करा : कधी झालं, काय उचललं होतं, किती मिनिटं टिकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली का. ते ईसीजी काढतील, कदाचित होल्टर, म्हणजे अंगावर ठेवून ठोके टिपणारं छोटं यंत्र, लावतील. मग नाडी मोजायचं काम त्या यंत्राचं. तुमची बोटं चहाच्या ग्लासाला मोकळी.

आणि डॉक्टरांना हमाली नीट समजावून सांगा. दवाखान्यात ‘जड काम’ म्हटलं की पाण्याची भरलेली बादली डोळ्यांपुढे येते. तुम्ही सांगा : पन्नास किलोचं पोतं, दिवसाला इतकी, थप्पी इतकी उंच. ट्रेडमिलवर चालवून बघायचं का, तेही विचारा. किती किलोपासून सुरू करायचं, कधी वाढवायचं, हे मुकादमाच्या नावाने कागदावर लिहून घ्या. जांघेतली जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरते, म्हणून माणसाला वाटतं आपण बरे झालो. मंगळवारी तुमचं तेच झालं. कागद हातात येईपर्यंत पोतं नको. पुढे उचलायला लागाल तेव्हा श्वास कोंडून उचलू नका; जोर लावताना श्वास सोडायचा.

गोळ्यांचं मात्र दटावून सांगते. ठोके सरळ वाटले म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गुठळी मेंदूत गेली तर लकवा. आणि अंग ठणकलं की मेडिकलमधून मागून घेता ना, ती डायक्लोफिनॅकची किंवा आयब्युप्रोफेनची गोळी? ती या गोळीबरोबर नको, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हुकाचा ओरखडाही आता जास्त वेळ वाहील, घट्ट दाबून धरा. थप्पीवरून पडून डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी थेट दवाखाना. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, किंवा ताप येऊन गिळताना दुखणं, यातलं काहीही झालं तर १०८. दारू घेत असाल तर सोडा, हा आजार तिनेही चाळवतो.

आता वाट्याचं. टोळीने तुम्हाला भीक घातलेली नाही. मोजणी चुकली तर व्यापारी टोळीलाच धरतो, आणि शिवण उसवली तर धान्य सगळ्यांनी झाडायचं. ते काम तुम्ही करताय. तुमच्या टोळीत याआधी कुणाची कंबर धरली असेल, कुणाचा पाय मोडला असेल. तेव्हा त्याचा वाटा तुम्ही कापला होता का? मुकादमाला मंगळवारचं सांगा. लाजेपायी चोरून चढाल आणि वरून पोत्यासकट खाली याल, तर खाली उभा असतो तो तुमचाच जोडीदार.

वहिनींची काळजी मला कळते, पण रात्रपाळी म्हणजे हृदयाला विश्रांती नव्हे. रोजची झोप मोडणं ठोक्यांनाही मानवत नाही. शिवाय १९६९च्या माथाडी कायद्याने मंडळाकडे तुमची नोंद असेल, तर फंड आणि ग्रॅच्युइटी तिथे आहे. सोडण्याआधी मंडळात जाऊन हिशेब विचारा. तीन महिन्यांची तपासणी होऊ द्या, मग नवरा-बायको बसून ठरवा. तेव्हा डॉक्टर ‘पोतं नको’ म्हणाले, तर पुन्हा लिहा. कुठलं काम धरायचं ते बघू.

हे उत्तर पोरीला मोठ्याने वाचायला सांगा, वहिनी समोर असताना. गोळ्यांचा भाग दोनदा.

— ताई